अंगातलं भारनियमन

सकाळचे पावणेसात. नगर-मनमाड रस्त्यावर नागापूरच्या एमआयडीसीकडे वळणाऱ्या दुचाक्यांची रांग लागलेली असते. पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, सातच्या आत पंच करायची घाई. त्याच वेळी बोल्हेगावकडच्या एका घराच्या ओट्यावर अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ बसलेले आहेत. तीस वर्षं त्यांनी याच वसाहतीत लेथ मशीन चालवलं. आठ तास उभ्यानं काम, वर ओव्हरटाइम, सुटीच्या दिवशी गावाकडच्या दोन एकरांत जाऊन दारं धरायची. दमणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दमायचं, जेवायचं, गाढ झोपायचं आणि सकाळी ताजंतवानं उठायचं.

आताचं दमणं निराळं आहे. आंघोळ करून आले, की शर्टाची दोन बटणं लावून होतात आणि तिसऱ्याशी हात थांबतो. कॉटवर टेकावं लागतं. रात्रभर पडून काढली तरी सकाळी अंग कालच्याइतकंच जड.

हे गृहस्थ कुणी एक ठरावीक व्यक्ती नाहीत. कामगारवस्तीतल्या कोणत्याही गल्लीत भेटतील असे ते आहेत. या प्रकरणापुरतं त्यांना घरातली माणसं म्हणतात तसं तात्याच म्हणू. तात्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, मधल्या काळात रेडिएशनच्या 20 फेऱ्याही झाल्या. रिपोर्ट चांगले येत आहेत. घरात सगळे म्हणतात, देवाची कृपा. तात्या मान डोलावतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात.

त्यांना भेटायला येणारे दोन सल्ले देतात. एक, "तात्या, आता काही करू नका, नुसते पडून राहा." दुसरा, "मनाला लावून घेऊ नका, हिंमत ठेवा." दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले आहेत. पण पहिल्यानं थकवा वाढतो आणि दुसऱ्यानं माणूस गप्प होतो. असं का होतं आणि त्याऐवजी काय करायचं, हे या प्रकरणात पाहू.

तणासाठी पाटाचं पाणी तोडलं, तेव्हा

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती वाढते, जगते ती टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर. तिच्यातला कॅन्सरही बहुतेक वेळा त्याच पाण्यावर पोसतो. शिकागो विद्यापीठातले शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली हे दाखवून दिलं. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन बंद केलं, की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही आक्रसतो, हाडांचं दुखणं थांबतं. या कामासाठी त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळालं. योगायोग असा, की त्याच 1941 सालच्या 28 फेब्रुवारीला मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. महाराष्ट्रातल्या किती घरांना त्या पत्त्यानं आधार दिला, हे वेगळं सांगायला नको.

हगिन्स यांच्या काळी वृषणं काढून टाकणं हा त्याचा सरळ उपाय होता. आजही तो केला जातो. एकदाच शस्त्रक्रिया, खर्च कमी, म्हणून आपल्याकडे बरेच रुग्ण तो पत्करतात. इंजेक्शन तेच काम दुसऱ्या वाटेनं करतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना जो हुकूम जातो, तो बंद पडतो. काही आठवड्यांत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ तळाला जातं.

आता शेतकऱ्याच्या डोळ्यानं बघा. वाफ्यात तण माजलं म्हणून पाटाचं पाणीच तोडलं. तण सुकलं, पण पिकालाही ताण बसला. टेस्टोस्टेरॉन एकट्या प्रोस्टेटसाठी नसतं. त्यावर स्नायू टिकतात, हाडं भक्कम राहतात, तांबड्या पेशी तयार होतात, झोप, इच्छा, उमेद यांतही त्याचा वाटा असतो. ते आटलं की हिमोग्लोबिन उतरतं, स्नायूंची जागा चरबी घेते, पोट सुटतं, हाडं विरळ होतात, अंगातून वाफा निघतात, कामेच्छा मावळते. तात्यांना वाटतं आपण म्हातारे झालो, आळशी झालो. खरं म्हणजे त्यांच्यावर चाललेला उपचार आपलं काम करतो आहे आणि त्याची किंमत त्यांचं अंग मोजतं आहे. ही गोष्ट पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच त्यांना आणि घरच्यांना नीट सांगायला हवी. ज्याचं कारण कळलं, त्याची लाज वाटत नाही.

हा थकवा झोपेनं जात नाही

कॅन्सरच्या थकव्याची खूण हीच, की केलेल्या कामाशी त्याचा मेळ बसत नाही आणि विश्रांतीनं तो उतरत नाही. त्याला एक कारण नसतं, चार-पाच कारणं एकत्र येतात. इंजेक्शनमुळे घटलेले स्नायू आणि रक्त हे एक. रेडिएशन हे दुसरं: पहिला आठवडा बरा जातो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून अंग गळायला लागतं, शेवटच्या फेऱ्यांच्या सुमारास थकवा सगळ्यात जास्त असतो आणि मग पुढच्या काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, हळूहळू ओसरतो. प्रोस्टेट कॅन्सरवरच्या एन्झालुटामाइडसारख्या गोळ्यांचा थकवा हा ठरलेलाच दुष्परिणाम आहे. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागलं तर झोपेचे तुकडे होतात. आणि उदासी स्वतःच माणसाला थकवते.

यातली काही कारणं दुरुस्त होणारी असतात, म्हणून 'कॅन्सर आहे म्हणजे थकवा येणारच' असं म्हणून सोडून देऊ नये. हिमोग्लोबिन किती आहे? थायरॉइड तपासलं का? बी-12 आणि डी जीवनसत्त्व कमी नाही ना? इंजेक्शन सुरू झाल्यावर साखर वाढू शकते, ती पाहिली का? दुखणं अंगावर काढतो आहोत का? झोपेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या गोळीनं सुस्ती येते आहे का? हे सहा प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. सोबत थकव्याला शून्य ते दहा असा आकडा द्यावा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढा जास्त. "जरा अशक्तपणा वाटतो" एवढ्यावर ओपीडीतल्या गर्दीत कुणी थांबत नाही. "गेले दोन आठवडे रोज सहा-सात असतो, आंघोळीनंतर झोपावं लागतं" म्हटलं, तर डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतात.

ज्यांनी आयुष्यभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला, त्या तात्यांना हे मोजमाप पटलं. त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले: वेळ, काम, थकवा किती. आठवड्याभरात एक आकृती दिसू लागली. सकाळी आठ ते साडेदहा अंगात जीव असतो. दुपारी एक ते चार काहीच नाही. संध्याकाळी साडेपाचला तासभर पुन्हा बरं.

डायरीकडे पाहून ते म्हणाले, "हे तर भारनियमन आहे."

अगदी तेच आहे. शेतातली थ्री फेज वीज आपल्याला हवी तेव्हा येत नाही. ती येण्याची वेळ ठाऊक असेल, तर शेतकरी त्या वेळेत मोटार चालवतो, बाकीच्या वेळात दुसरी कामं उरकतो. लाइट नसताना मोटारीपाशी बसून कपाळाला हात लावत नाही, आणि लाइट आली म्हणून घरातली सगळी यंत्रं एकदम लावून फ्यूजही उडवत नाही. तात्यांनी तसंच केलं. आंघोळ सकाळी उठल्या उठल्या न करता साडेआठला, तीही स्टुलावर बसून. दाढी एक दिवसाआड. बँकेचं, दवाखान्याचं काम सकाळच्या वेळात. दुपारी झोप घ्यायची ती अर्ध्या तासाची, गजर लावून. लांबलेली दुपारची झोप रात्रीच्या झोपेतून कापली जाते. आणि सगळ्यात अवघड: ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी सगळी राहिलेली कामं उरकायची नाहीत. एका चांगल्या दिवसाची उधळपट्टी पुढचे तीन दिवस वसूल करते.

रात्रीचे अडीच

एका रात्री तात्या दचकून जागे झाले. छातीतून मानेकडे, मानेकडून चेहऱ्याकडे आगीचा लोट चढावा तसं झालं. बनियन ओलंचिंब. दोन मिनिटांनी तेच अंग गार पडलं आणि हुडहुडी भरली. त्यांना वाटलं, हा हार्टचाच झटका. त्यांनी बायकोला हलवून उठवलं.

तिनं दिवा लावला, कपाळाला हात लावला, टॉवेल आणून पाठ पुसली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, घाबरू नका. माझी पाळी जाताना मला असंच व्हायचं."

"असं? एवढं?"

"दोन वर्षं. तुम्ही रात्रपाळीला असायचात. मी उठून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्याच बायकांचं होतं ते. बोलायचं काय?"

त्या रात्री दोघं बराच वेळ जागे होते. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघांच्या शरीरांची गोष्ट एक झाली होती. एकाचं संप्रेरक वयानं आटलं होतं, दुसऱ्याचं औषधानं.

हार्मोनचा उपचार घेणाऱ्या दहांपैकी सात-आठ पुरुषांना असे झटके येतात. अंगावर सुती, सैल कपडे, एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ चादरी, उशाशी ओला नॅपकिन, झोपायच्या आधीच्या दोन-तीन तासांत चहा आणि तिखट टाळणं, झटका येतो आहे असं वाटताच सावकाश, खोल श्वास, यानं पुष्कळांना उतार पडतो. झटके झोपच मोडत असतील तर औषधंही आहेत. उदासीवरची काही औषधं या झटक्यांवरही चालतात. छातीत दुखलं, दम लागला, हातात कळ गेली, तर मात्र 'हार्मोनचंच असेल' म्हणून घरी थांबायचं नाही.

विश्रांतीपेक्षा हालचाल

अंग गळालं की माणूस पडून राहतो. पडून राहिलं की उरलेले स्नायू आणखी झिजतात. झिजले की उभं राहणंही कष्टाचं होतं. हे चक्र उलट फिरवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय व्यायाम आहे, आणि ही नुसती वडीलधाऱ्यांची शिकवण नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅनडातल्या संशोधकांनी हार्मोन उपचार घेणाऱ्या 155 पुरुषांचे दोन गट केले. एका गटानं आठवड्यातून तीनदा, 12 आठवडे, वजनं उचलण्याचा बेतशीर व्यायाम केला. त्या गटाचा थकवा रोजच्या आयुष्यात कमी आडवा आला, स्नायूंची ताकद वाढली. 2017 मध्ये 113 अभ्यासांची, 11 हजारांहून अधिक रुग्णांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. कॅन्सरच्या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपचार अधिक गुणकारी, असा तिचा निष्कर्ष होता.

पण सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारायलाच हवा: "माझ्या हाडांत कॅन्सर आहे का, असेल तर कुठल्या?" कणा किंवा खुबा पोखरलेला असेल, तर वाकून वजन उचलणं धोक्याचं ठरतं. तेव्हा फिजिओथेरपिस्टला दाखवूनच पुढे जायचं.

परवानगी मिळाली, की साधनं घरातच आहेत. हात नसलेल्या भक्कम खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं. पहिल्या आठवड्यात पाच वेळा. भिंतीला हात टेकून अंग पुढे-मागे रेटायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या कोपरातून वर-खाली. एक दिवसाआड एवढं पुरे. रोज चालणं दहा मिनिटांपासून, तेही नगरचं ऊन चढायच्या आत आणि ट्रकच्या रस्त्यावर न जाता आतल्या गल्ल्यांतून. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यायचं. चालताना दोन शब्द बोलता येतील, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग. ताप असेल, चक्कर येत असेल, हिमोग्लोबिन फार उतरलं असेल, त्या दिवशी सुटी.

स्नायू बांधायला माल लागतो. ताटात भाकरीचा चतकोर कमी झाला तरी चालेल, पण प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, दूध, अंडं यांतलं काहीतरी असावं. हाडांसाठी नाचणी, तीळ, कोवळं ऊन. तंबाखूची मळलेली चिमूट मात्र कायमची सोडायची.

मन गप्प होतं तेव्हा

आमच्या पिढ्यांनी पुरुषाला एक गोष्ट शिकवली: गडी माणूस रडत नाही. म्हणून पुरुषाची उदासी अनेकदा रडण्याच्या रूपात येत नाही. ती चिडचिडीच्या रूपात येते. ताटावरून उठून जाण्यात, मारुतीच्या पारावरची बैठक बंद होण्यात, वाढलेल्या दाढीत, "मला काही नको" या तीन शब्दांत येते. आणि कधीकधी हार्मोनच्या बदलानं डोळे भरकन भरूनही येतात. कीर्तनातल्या साध्या दृष्टांतालाही तात्यांचा गळा दाटतो आणि मग ते महिनाभर कीर्तनाला जात नाहीत, कारण लोकांनी पाहिलं.

अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 78 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोन उपचार घेतलेल्यांपैकी 7.1 टक्के पुरुषांच्या नोंदीत तीन वर्षांत नैराश्याचं निदान होतं, न घेतलेल्यांमध्ये 5.2 टक्के. याचे दोन अर्थ आहेत. बहुसंख्य पुरुषांना नैराश्याचा आजार होत नाही, म्हणून उपचाराला भिऊ नये. आणि धोका वाढतो हे खरं आहे, म्हणून लक्ष ठेवावं.

लक्ष ठेवायला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतलं मन बहुतेक दिवस उडालं आहे का? बहुतेक दिवस खिन्न, हताश वाटतं आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं, पीएसए या रक्ततपासणीच्या आकड्याइतक्याच गांभीर्यानं. मानसोपचार विभाग प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असतो, आणि नागापूरपासून जवळच, मनमाड रस्त्यावर विळद घाटात असं महाविद्यालय आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये उभी केलेली आयपीएच ही संस्था मनाच्या आजारांबद्दल मराठीत मोकळेपणानं बोलत आली आहे. घरबसल्या फोन करायचा तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक 14416, रात्रंदिवस चालू. "मी नसलेलाच बरा", "तुमच्यावर ओझं झालोय" असे शब्द कानावर आले, तर उद्याची वाट पाहायची नाही. त्या माणसाजवळ बसायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत मिळवायची.

दोन गोष्टी पुरुष सहसा स्वतःहून बोलत नाहीत. पहिली, रिपोर्टचा आठवडा. दर तीन महिन्यांनी पीएसए करायची वेळ आली, की चार दिवस आधीपासून अन्न गोड लागत नाही. हा भित्रेपणा नाही, जवळजवळ सगळ्यांना होतं. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे तास मोकळे ठेवू नयेत, कुणाला तरी सोबत घ्यावं. दुसरी गोष्ट अंथरुणातली. इच्छा गेली म्हणून नवरा बायकोपासून लांब झोपू लागतो आणि तिला वाटतं, आपलं काही चुकलं. इच्छा औषधानं गेली आहे, माया गेलेली नाही, हे शब्दांत सांगावं लागतं. हातात हात घेऊन बसायला टेस्टोस्टेरॉन लागत नाही.

घरच्यांसाठी

माणसाकडून सगळीच कामं काढून घेऊ नका. ज्याची ओळखच हातातल्या कसबानं झाली, त्याला रिकामं बसवणं ही वेगळी शिक्षा आहे. नळाची गळती, नातवाच्या सायकलची चेन, लाइट बिलाचा हिशेब, यांतलं झेपेल ते त्याच्याकडेच राहू द्या. "कसं वाटतंय?" याऐवजी "आजचा आकडा किती?" असं विचारा. उत्तर सोपं जातं.

पैशाची काळजी हाही थकव्याचाच एक भाग आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार आहेत, नोकरीतल्या कामगारांना ईएसआयचा आधार आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात जाऊन कागद पूर्ण करावेत. मुंबईला टाटामध्ये जावं लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांसाठी आहे.

हा आजार पुष्कळदा लांबचा प्रवास असतो. नेल्सन मंडेलांना 2001 साली, वयाच्या 83व्या वर्षी, प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं, त्यांनी रेडिएशन घेतलं आणि पुढे बारा वर्षं ते जगले. आर्चबिशप डेस्मंड टुटूंना 1997 मध्ये निदान झालं, ते गेले 2021 मध्ये. सगळ्यांना इतकी वर्षं मिळत नाहीत. पण जी मिळतात त्यांतले दिवस कसे जातात, हा प्रश्न प्रत्येकाचा आहे. उपचार ठरावीक मुदतीचा असेल तर तो संपल्यावर टेस्टोस्टेरॉन बऱ्याच जणांत काही महिन्यांत पुन्हा वाढतं, उतारवयात त्याला जास्त वेळ लागतो. उपचार कायमचा असेल तर अंगातल्या विजेचं वेळापत्रकही कायमचं, आणि ते पाळता येतं.

चार महिन्यांनी तात्या मुलाबरोबर गावाकडच्या रानात गेले. सकाळचे नऊ वाजले होते, त्यांच्या डायरीतली चांगली वेळ. मोटार चालू झाली, पाट भरून वाहू लागला. त्यांनी फावडं घेतलं आणि पहिलं दार फोडलं. वाफा भरला, दार बांधलं. दुसरा वाफाही भरला. मग त्यांनी फावडं मुलाच्या हातात दिलं, बांधावरच्या लिंबाखाली बसले आणि पाणी पुढच्या वाफ्यांत शिरताना पाहत राहिले.

"दमलात का तात्या?" मुलानं विचारलं.

"आजचा आकडा चार," ते म्हणाले. "उरलेलं तू भर. माझे दोन उद्या ठेव."